सुळेभावीचा आवाज, साठ मिनिटांत

कॅसेट साठ मिनिटांची होती, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस. मामानं वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दिली होती आणि बेळगावातल्या एका दुकानातून ती भरून घेतली होती. त्या काळी असंच चालायचं. कोरी कॅसेट न्यायची, यादी द्यायची आणि चार दिवसांनी जाऊन आणायची. सांबऱ्याच्या घरी ती पहिल्यांदा लावली तेव्हा सगळं नीट वाजलं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं कबीराचं भजन मात्र दुसऱ्या अंतऱ्यात, ओळ अर्धी असताना, खट्‌कन थांबलं. मामा परत दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "टेप संपली की ओ. मी काय करू?"

ते भजन मी कित्येक वर्षं तसंच, अर्ध्या ओळीपर्यंत ऐकलं. पुढं कधीतरी रेडिओवर पूर्ण ऐकलं तेव्हा तुटायच्या जागी माझा श्वास आपोआप थांबला आणि गाणं पुढं निघून गेलं.

कॅसेटच्या आतल्या कागदावर निळ्या शाईत गाण्यांचे पहिले दोन-तीन शब्द होते आणि वर मोठ्या अक्षरांत 'कुमार गंधर्व'. कवी कोण, चाल कुणाची, गाणं कुठल्या साली गायलं, यातलं काहीच नव्हतं. हा गायक आमच्या शेजारच्या गावचा, हेही त्यावरून कळलं नसतं. बेळगावहून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीनं सांबऱ्याचं स्टेशन सोडलं की पुढं सुळेभावी. तिथं ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, जन्मले. सांबऱ्याचं नाव घेतलं की लोकांना विमानतळ आठवतो. १९४२ साली ब्रिटिशांनी बांधलेली ती धावपट्टी आणि तिच्याजवळची हवाई दलाची प्रशिक्षण शाळा, अशी या गावाची ओळख आहे. माझ्या मनात मात्र सांबरा म्हणजे सुळेभावीच्या अलीकडचं गाव.

गायकाच्या निवडक गाण्यांचा संच, म्हणजे संकलन, ही वस्तू आपण फार सहज हातात घेतो. 'सदाबहार', 'अवीट गोडी', 'सुवर्णगीते' अशी नावं वाचतो आणि आत गाणी आहेत एवढ्यावर खूश होतो. पण हजार गाण्यांतून बारा निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, कुठलं ध्वनिमुद्रण घ्यायचं हे ठरवायचं, हे सगळं कुणीतरी बसून केलेलं असतं. पुढच्या पिढीला तो गायक तेवढाच आणि तसाच कळतो. म्हणून संकलन कसं होतं, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी 'अल्बम' या शब्दाचं बघू. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा जमाना होता तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. लांब संगीत विकायचं तर अनेक तबकड्या लागत. त्या जाड पुठ्ठ्याच्या, पानापानाला पाकीट शिवलेल्या वहीत घालून देत. ती वही अगदी फोटोंच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून तिला अल्बमच म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी, म्हणजे एल. पी., आली आणि वहीभर संगीत एका तबकडीवर बसलं. नाव मात्र वहीचंच राहिलं. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. तिच्याच ई. पी. या प्रकारात एका बाजूला दोन गाणी बसत, आणि मराठी भावगीतांचं मोठं घर हीच ई. पी. होती. चार गाणी आणि वर गायकाचा फोटो, एवढाच तो संच असे.

संकलनाची खरी सोय एल. पी.नं केली. आधीच निघालेल्या, विकून झालेल्या छोट्या तबकड्यांतली दहा-बारा गाणी एकत्र करून ती नव्या वेष्टनात विकता येऊ लागली. कंपनीला नवा खर्च जवळजवळ नाही. गायक, वादक, स्टुडिओ, कशाचीच गरज नाही. लागतो तो निवडणारा माणूस.

या धंद्याचं सगळ्यांत भरलेलं दुकान बघायचं तर फ्रान्समध्ये जावं लागतं. तिथं 'शांसों' नावाचा गाण्याचा प्रकार आहे. शब्दाचा अर्थ नुसताच 'गाणं', पण रूढ अर्थ आपल्या भावगीताच्या फार जवळचा. शब्द आधी आणि सूर त्यांच्या चालीनं. कडवं आणि ध्रुवपद अशी रचना असते. गायक शब्द असे टाकतो की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही अक्षर न् अक्षर कळावं. एदित पियाफ (१९१५-१९६३) हे त्यातलं जगभर पोचलेलं नाव. जॉर्ज ब्रासांस हातात गिटार घेऊन, साथीला जवळजवळ काहीच न घेता गात. १९६७ साली फ्रेंच अकादमीनं त्यांना कवितेसाठी गौरवलं. लेओ फेरे यांनी बोदलेरच्या कवितांना चाली लावून सबंध तबकडी काढली, पुढं आरागाँच्या कवितांची काढली. जाक प्रेव्हेर या कवीचे शब्द तर रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी गेले. कविता छापील पानावरून उठून गळ्यात येते, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली आणि घराघरांत गेली, ती याच वाटेनं.

कुमारांच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, पॅरिसला शार्ल अझनावूर जन्मले. आईवडील आर्मेनियन, परागंदा होऊन आलेले. हा माणूस २०१८ पर्यंत जगला, चौऱ्याण्णव वर्षांचा होईपर्यंत रंगमंचावर गात राहिला, आणि त्यांच्या नावावर हजाराहून जास्त गाणी आहेत. त्यांचं चाळीस 'सोनेरी गाण्यांचं' एक संकलन फार प्रसिद्ध आहे. हजारातली चाळीस म्हणजे शंभरातली चार. त्यातच आपली जुनी गाणी ते पुन्हा पुन्हा नव्यानं गात. तेव्हा गाणं निवडून काम संपत नाही. ते तिशीतल्या आवाजातलं घ्यायचं की पन्नाशीतल्या, हेही ठरवावं लागतं. विशीत लिहिलेलं गाणं पन्नाशीच्या आवाजात ऐकलं तर त्याचा अर्थच सरकतो.

अझनावूर यांचं घर आर्मेनियन, जाक ब्रेल बेल्जियमचे, जॉर्ज मुस्ताकी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला जन्मलेले. फ्रेंच गाण्याला फ्रेंच करणाऱ्यांत अशी बाहेरून आलेली माणसं फार आहेत. सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना याचं नवल वाटत नाही. कुमारांच्या घरची भाषा कन्नड. मराठी त्यांनी कमावली, आणि ती कशी कमावली हे कवी अनिलांची कविता त्यांच्या तोंडून ऐकली की कळतं. 'देव दीनाघरी धावला' या बाळ कोल्हटकरांच्या नाटकासाठी वसंत देसाईंनी ऋणानुबंधावरचं एक युगुलगीत बांधलं. ते गायला कुमार आणि सोबत वाणी जयराम, म्हणजे एक कन्नड घरातला गायक आणि एक तमिळ घरातली गायिका. आमच्याकडं लग्नघरी, निरोपाच्या वेळी ते गाणं लागतं आणि बायका पदर डोळ्याला लावतात. तेव्हा 'हे दोघं मराठी नव्हते' हे कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या कॅसेटवर हे गाणं पहिल्या बाजूला तिसरं होतं. कागदावर वाणी जयराम यांचं नावच नव्हतं. मामाला विचारलं तर म्हणाला, "कुणी बाई आहेत, चांगल्या गातात."

चांगल्या गातात हे खरंच होतं, पण त्या बाईंचं नाव मला कळायला पुढं बारा वर्षं लागली. नुसत्या यादीचं संकलन असं करतं. ऐकणाऱ्याला गोडवा देतं आणि माणसं काढून घेतं.

कुमारांच्या बाबतीत तर आणखी मोठी गोष्ट काढून घेतली जाते, आणि तिच्यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

लहानपणी हा मुलगा तबकड्या ऐकून गायला शिकला. शिकला म्हणजे काय, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गळ्यातून काढी. दम कुठं घेतला, तान कुठं वळली, शेवटी आवाज कसा मिटवला, सगळं. यात ७८ च्या तबकडीचा मोठा हात होता. मैफलीत तासभर उलगडणारा राग गवयाला तीन मिनिटांत बसवावा लागे. आलापाचा पसारा आवरून मुखडा, दोन-चार आलाप, तान आणि समाप्ती. हे सगळं लहान मुलाला पाठ होईल एवढं आटोपशीर असे, आणि सुई पुन्हा कडेला ठेवली की तेच पुन्हा, एका श्रुतीचाही फरक न होता. एकाच जागी शंभर वेळा तशीच तान घेऊन दाखवणारा गुरू त्याआधी जगात नव्हता. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव झालं. १९३६ साली प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत भरवलेल्या संगीत परिषदेत बारा वर्षांच्या कुमारनं श्रोत्यांना थक्क केलं आणि पुढं तो देवधरांकडंच शिकायला राहिला. नकलेत इतका तरबेज झालेला मुलगा स्वतःचा आवाज कधी शोधणार, ही गुरूपुढची अडचण असणार. ती देवधरांनी सोडवली, यासाठी मराठी माणसानं त्यांचे उपकार मानायला हवेत.

त्या बालवयात कुमारांच्या स्वतःच्याही ७८ च्या तबकड्या निघाल्या. पातळ, धारदार, वर चढताना जराही न डगमगणारा आवाज. मग १९४७ साली क्षय झाला. मुंबईची दमट हवा सोडून १९४८ च्या सुरुवातीला ते माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. बोलायचंही हळू. पाच वर्षं हा माणूस पडून राहिला आणि खिडकीतून माळव्याच्या बायकांची गाणी, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आवाज ऐकत राहिला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. त्यानं जीव वाचला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा आवाज वेगळा होता. स्वर अचानक वर फेकायचा, मध्येच तोडायचा, एखादा शब्द जवळजवळ बोलल्यासारखा टाकायचा आणि त्यामागच्या शांततेत तंबोरा ऐकू द्यायचा.

दमच नव्हता म्हणून ते असं गायले, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. दम कमी पडला हे खरं. पण कमी दम असलेली माणसं साधारणपणे सोपं गातात, सुरक्षित गातात. कुमार अवघड गायले. पाच वर्षं नुसतं ऐकल्यावर शांततेची किंमत कळलेला माणूसच असं गाऊ शकतो.

आता संकलन करणाऱ्यापुढं काय येतं बघा. बालपणाची तबकडी आणि देवासनंतरचं गाणं यांच्यामध्ये सारं आयुष्य उलटलेलं आहे. सालवार लावलं तर ऐकणाऱ्याला ती दरी कानानं कळते: अमुक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं आणि आवाजातून काहीतरी गेलेलं असतं आणि काहीतरी आलेलं असतं. पण कंपनीला 'गोड' क्रम हवा असतो. आधी लोकांच्या ओठावरची भावगीतं, मग भजनं, मग एखादी बंदिश, आणि बालपणीच्या तबकड्या बहुधा नाहीतच, कारण त्यांत खरखर फार. मग कुमार म्हणजे पहिल्यापासून तसेच गाणारे एक प्रौढ गृहस्थ, असं चित्र तयार होतं. सुळेभावीचा तो पोरगा गायब होतो.

खरखरीचं म्हणाल तर तिच्याकडंही जरा जवळून बघायला हवं. ७८ ची तबकडी लाखेची. लाख आपल्याच देशातून जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळून तबकडी दाबत. पूड सुईला झिजवून खाचेच्या आकाराची करी, म्हणून पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची पद्धत होती. कंजूषपणा करून एकच सुई दहा वेळा वापरली की ती खाच खरवडून काढी. आज आपल्याला ऐकू येणारी खरखर थोडी त्या पुडीची, आणि बरीचशी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी घरातल्या जुन्या सुईची. तबकडी हातात धरून उजेडाकडं कलवली की काही खाचा काळ्याभोर चमकतात आणि काही राखाडी दिसतात. राखाडी दिसतात तिथंच खाच सगळ्यांत जास्त झिजलेली असते. बहुधा ती शेवटची तान असते.

संगणकावर ही खरखर पुसता येते. पण खरखर आणि 'स', 'श' हे वर्ण कंपनांच्या जवळजवळ एकाच पट्ट्यात राहतात. जास्त घासलं की गायकाचे दात पडल्यासारखे शब्द बोथट होतात, तंबोऱ्याची जवारी मरते. मला विचाराल तर थोडी खरखर ठेवावी.

दुसरी अडचण वेगाची, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. ७८ म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण नेमकं ७८ फेऱ्यांनीच झालं असेल याची खात्री नसे. कधी ७४, कधी ८०. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर गाणं जवळजवळ एका अर्ध्या स्वरानं वर चढतं. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतं. तीन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं तीन मिनिटांत उरकतं, तान आहे त्यापेक्षा दाणेदार वाटते, आणि बाई असेल तर पोरगी वाटते. म्हणून जाणकार माणूस साथीची पेटी ऐकतो. पेटीचे सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकताहेत असं वाटलं की वेग चुकलाय. मग तो वेग हळूहळू सरकवत पेटी एका पट्टीवर आणून ठेवतो. ती पट्टी त्या गायकाची नेहमीची असली की काम फत्ते. बालकुमारच्या तबकडीसारख्या तबकडीवर तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण तिथं आवाज मुळातच बारीक. वेग वाढला तरी कुणाला संशय यायचा नाही.

कायदाही संकलनाला आकार देतो. आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्यामुळं बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या आज कुणीही संकलित करू शकतो. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांच्या पदांचे शब्दही मोकळे झाले. पण कवी अनिल १९८२ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरली तर त्यांच्या शब्दांवर २०४२ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. म्हणजे उद्या कुमारांचं अनिलांच्या कवितेचं ध्वनिमुद्रण मोकळं झालं, तरी शब्दांची परवानगी लागेलच. युरोपात ध्वनिमुद्रणाला पूर्वी ५० वर्षं होती. २०११ साली ती ७० करायचं ठरलं, पण १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्या तोवर सुटून गेल्या होत्या. पियाफ १९६३ साली गेल्या, त्यामुळं त्यांची जवळजवळ सगळी ध्वनिमुद्रणं मोकळी. त्यांची स्वस्त संकलनं इतक्या कंपन्यांची का दिसतात, याचं मोठं कारण हे आहे. त्यांतली काही चांगली, टिपणांसकट केलेली. बाकीची नुसती पोती भरल्यासारखी.

हे सगळं झालं दुसऱ्यांनी केलेल्या संकलनांविषयी. पण कुमारांनी स्वतः केलेली संकलनं वेगळीच गोष्ट आहे, आणि मला वाटतं मराठी-हिंदी संगीतात इतका जागा संकलक दुसरा झाला नाही.

त्यांनी मैफलीला विषय दिले. 'गीत वर्षा'त पावसाळ्याची गाणी घेतली: राग आहेत, बंदिशी आहेत आणि माळव्याची लोकगीतंही आहेत, आणि सगळं आभाळ भरून येण्यापासून पुढं चालत जातं. 'त्रिवेणी'त कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र आणले. 'तांबे गीतरजनी'त भा. रा. तांब्यांच्या कविता गायल्या. तांबे १९४१ साली गेले. महाराष्ट्राबाहेर, ग्वाल्हेर-देवासच्या मुलखात आयुष्य काढलेला हा मराठी कवी. त्याच मुलखात येऊन पडलेल्या एका कन्नड गायकानं त्याच्या कवितांची सबंध रात्र मांडावी, हे फेरे यांच्या बोदलेरच्या तबकडीइतकंच मोठं काम आहे. आपण त्याचा तितका गाजावाजा केला नाही, याची खंत वाटते.

आणि 'मला उमजलेले बालगंधर्व'. नावातच सारं आलं. बालगंधर्वांची पदं लोकांनी तबकड्यांवर ऐकून पाठ केली होती. त्यांची हुबेहूब नक्कल करणं कुमारांना लहानपणी डाव्या हाताचा मळ होता. तबकड्या तोंडपाठ काढणारा हा मुलगा मोठा होऊन बालगंधर्वांकडं वळला आणि म्हणाला, मला उमजले ते असे. लडिवाळपणा कुठं ठेवला, कुठं बाजूला सारला, ठेक्याची वजनं कशी धरली, हे ऐकताना मूळ पद आठवत राहतं आणि नवं ऐकू येत राहतं. एका गायकानं दुसऱ्या गायकाची गाणी निवडून, क्रम लावून, आपल्या गळ्यातून समजावून सांगितलेलं हे संकलन आहे. बालगंधर्वांच्या मूळ तबकड्या आधी आणि हे नंतर, असं लागोपाठ ऐकावं. मी पहिल्यांदा तसं ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

गायकानं स्वतः लावलेल्या या क्रमाचं पुढं काय होतं, हे मोबाईलवर बघावं. 'त्रिवेणी'तलं एक भजन सुटं काढलेलं, 'गीत वर्षा'तली एक बंदिश दुसऱ्याच कुठल्यातरी 'सकाळच्या प्रसन्न गाण्यां'त. पाऊस भरून आल्याशिवाय सर कोसळते. नावांच्या जागी पुन्हा फक्त गायकाचं नाव. कवी, संगीतकार, साल यांचा पत्ता नाही. मामाच्या कॅसेटवरच्या निळ्या शाईच्या कागदापुढं आपण फारसे गेलेलो नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी स्वतःपुरतं एक काम केलं. मामाची कॅसेट काढली. फीत आत सैल झाली होती. पेन्सिल घालून गुंडाळली. प्रत्येक गाण्याचा कवी, संगीतकार, नाटक असेल तर नाटक, आणि जिथं ठाम सापडलं तिथं साल, असं वहीत लिहिलं. मग तीच गाणी, मामानं लिहिलेली पण त्याच्या क्रमानं नाही, नव्यानं लावली. सगळ्यांत आधी बालपणाची एक तबकडी घातली, जी मामाच्या यादीत नव्हती. तिच्यामागं अर्ध्या मिनिटाची शांतता ठेवली. मग देवासनंतरचं गाणं. युगुलगीतापुढं वाणी जयराम यांचं नाव कुमारांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मामा आता थकलाय. त्याला सांबऱ्याच्या घरी ओसरीवर बसवून ते सगळं ऐकवलं. बालकुमारचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यानं विचारलं, "हे पोरगं कोण रे?" मी म्हटलं, "मामा, सुळेभावीचंच." मधल्या शांततेत वरून विमान गेलं. मग दुसरा आवाज लागला आणि मामानं मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

शेवटी ते कबीराचं भजन ठेवलं होतं, पूर्ण. दुसरा अंतरा आला. ओळ अर्धी झाली तसं मामाचं बोट सवयीनं टेपरेकॉर्डरच्या बटणाकडं जावं तसं गुडघ्यावर उचललं गेलं, आणि गाणं पुढं गेलं.